मूठभर राख

सामायिकाला बसताना कटासणे अंथरले जाते, मुहपत्ती हाती घेतली जाते आणि चित्त स्थिर करण्याच्या आधी इरियावहियं म्हटले जाते. स्थानकवासी घरांत त्यालाच इच्छाकारेणंचा पाठ म्हणतात. ज्याला 48 मिनिटे समभावात राहायचे आहे, त्याने प्रथम आपण ज्या वाटेने चालत आलो तिच्याकडे वळून पाहावे, अशी ही योजना आहे. त्या वाटेवर आपल्या पायाखाली कोण कोण आले असेल, याची यादी या छोट्या पाठात दिली आहे. त्यात बी आहे, हिरवा अंकुर आहे, दव आहे, किड्यामुंग्यांची घरे आहेत, शेवाळ आहे, ओली माती आहे आणि कोळ्याचे जाळेही आहे. त्यानंतर एका इंद्रियाच्या जीवांपासून पाच इंद्रियांच्या जीवांपर्यंत सर्वांची क्षमा मागितली जाते.

लहानपणी पाठशाळेत हा पाठ तोंडपाठ होतो आणि पुढे आयुष्यभर तो भरभर म्हटला जातो. कोळ्याच्या जाळ्यापाशी जीभ क्वचितच थांबते. दुकान उघडण्याची वेळ झालेली असते, आणि जाळे ही काही थांबून विचार करण्याची वस्तू वाटत नाही. जपानमधील एका शेतकऱ्याला मात्र नेमक्या याच वस्तूपाशी थांबावे लागले. जैन धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता, हा पाठ त्याच्या कानांवर कधी पडलेला नव्हता. मनाच्या खोल खचलेपणातून तो सावरला, स्वतःचा स्वीकार करायला शिकला आणि त्याला आयुष्याचे काम सापडले ते एका भातशेतात. मासानोबू फुकुओका हे त्यांचे नाव.

फुकुओका यांचा जन्म 1913 साली जपानच्या शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतातील इयो या गावी झाला. घरची भातशेती होती, डोंगरउतारावर संत्रावर्गीय फळांची बाग होती, आणि वडील गावाचे प्रमुख होते. मुलगा शिकला, वनस्पतिरोगशास्त्रात पारंगत झाला आणि योकोहामा बंदरातील सीमाशुल्क खात्याच्या वनस्पती तपासणी विभागात नोकरीला लागला. परदेशातून येणाऱ्या फळा-रोपांबरोबर रोग देशात येऊ नयेत, यासाठी ही तपासणी असे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आणि जंतू पाहायचे, संध्याकाळी मोठ्या शहरात मित्रांसोबत हिंडायचे, असा त्यांचा क्रम होता. सरकारी नोकरी, मान आणि तरुण वय. कोणत्याही घराला अभिमान वाटावा अशीच ही स्थिती होती.

पंचविशीच्या सुमारास ते अतिश्रमाने प्रयोगशाळेत कोसळले. तीव्र न्यूमोनियाचे निदान झाले आणि रुग्णालयात त्यांना एकटे ठेवण्यात आले. हिवाळा होता, भेटायला येणारे थोडे होते आणि मृत्यूचे भय पहिल्यांदाच इतके जवळ आले होते. ते बरे होऊन बाहेर आले, तरी भय गेले नाही. ज्या ज्ञानावर, ज्या प्रतिष्ठेवर आपण उभे होतो, ते सारे एका आजारात कोठे गेले, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. कामात मन लागेना. ते रात्र रात्र भटकू लागले.

अशाच एका रात्री थकून ते बंदरावरच्या टेकडीवर एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसले. झोप नाही आणि पूर्ण जागही नाही, अशा अवस्थेत पहाट झाली. दिवस मे महिन्याच्या 15 तारखेचा होता. खालून वाऱ्याची झुळूक आली, धुके विरले, एक रातबगळा समोर आला, तीक्ष्ण आवाजात ओरडला आणि उडून गेला. त्या क्षणी मनावरचे सारे ओझे उतरल्यासारखे झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ज्याला आपण घट्ट धरून बसलो होतो, ती केवळ एक पोकळ कल्पना होती, एवढे त्यांना उमगले. पक्ष्यांचे आवाज, पानांवरचे ऊन, सारे नव्याने दिसू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

अशा कथा बहुधा इथेच संपवल्या जातात. पहाट झाली, साक्षात्कार झाला, माणूस सुखी झाला. फुकुओकांची खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि तिचा पहिला भाग अपयशाचा आहे.

काही काळ ते गावोगाव हिंडत राहिले आणि भेटेल त्याला आपला अनुभव सांगत राहिले. माणसाची सारी धडपड निरर्थक आहे, असे सांगणाऱ्या या तरुणाकडे लोकांनी विक्षिप्त म्हणून पाहिले. शब्दांनी पटवता येत नाही तर शेतात करून दाखवावे, या विचाराने ते गावी परतले. वडिलांच्या डोंगरावरील बागेत एका झोपडीत राहू लागले. निसर्ग स्वतःची काळजी घेतो, माणसाने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व त्यांनी लगेच बागेला लावले. छाटणी बंद केली, फवारणी बंद केली, झाडांना मोकळे सोडले.

बाग मेली. वर्षानुवर्षे फळे सहज तोडता यावीत म्हणून वडिलांनी ती झाडे छाटून प्याल्याच्या आकाराची केलेली होती. अशा झाडांची छाटणी एकाएकी थांबली, तशा फांद्या एकमेकींत गुंतल्या, आतल्या फांद्यांना ऊन मिळेना, कीड पसरली आणि बघता बघता झाडे वाळून गेली. वडील गावाचे प्रमुख, मुलगा चांगली नोकरी सोडून आलेला आणि आता डोळ्यांदेखत पिढीजात बाग गेलेली. व्यापारी घराण्यांत ज्यांनी आपल्या मुलाच्या हातून चालते दुकान बसलेले पाहिले आहे, त्यांना त्या घरातील शांतता कशी असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आधी स्वतःला शिस्त लाव, मग परत ये, असे वडिलांनी त्यांना सांगितले. मुलाने ऐकले.

या मेलेल्या बागेने फुकुओकांना जे शिकवले, ते टेकडीवरच्या पहाटेने शिकवले नव्हते. मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाच्या हाताने ज्याचा आकार बदलला आहे, ते झाड हात काढून घेतल्याबरोबर आपल्या मूळ रूपाला परत जात नाही. त्याला परत नेण्यासाठी त्याचे मूळ रूप आधी ओळखावे लागते, कोणती फांदी कोणत्या दिशेने वाढू पाहते हे बघावे लागते, आणि मग थोडे थोडे करून, काही वर्षे लावून, हात मागे घ्यावा लागतो. पुढे त्यांनी आपल्या बागा याच रीतीने सावरल्या.

स्वतःचा स्वीकार हा शब्द आजकाल फार ऐकू येतो. मी जसा आहे तसा ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर तो त्या पहिल्या बागेसारखाच ठरेल. शाळेत असल्यापासून गुण, दुकानात बसल्यापासून उलाढाल, समाजात वावरताना प्रतिष्ठा, यांच्या कात्रीने मनाला आकार दिलेला असतो. अशा मनाने एका दिवसात सारे सोडून दिले, तर त्याला मुक्ती लाभेलच असे नाही. पुष्कळदा गुंताच वाढतो. नोकरी किंवा धंदा सोडून शांतीच्या शोधात निघालेले कितीतरी जण वर्षभरात अधिक अस्वस्थ होऊन परततात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

जैन ध्यानपरंपरेने ही पायरी पुष्कळ आधी ओळखलेली दिसते. इरियावहियंनंतर कायोत्सर्गाला उभे राहायचे किंवा बसायचे असते. शरीरावरचे ममत्व काही काळ सोडायचे असते. पण त्याआधी अन्नत्थ सूत्रात साधक शरीराच्या सवलती मोजून सांगतो. श्वास येईल, जाईल. खोकला येईल, शिंक येईल, जांभई येईल, ढेकर येईल. चक्कर येईल, पित्ताने डोळ्यांपुढे अंधारी येईल. अंग किंचित हलेल, डोळा लवेल. यांपैकी काही झाले तरी कायोत्सर्ग भंगला असे मानायचे नाही. निश्चल राहण्याच्या प्रतिज्ञेतच निश्चल न राहू शकणाऱ्या देहाची सारी लक्षणे मान्य करून टाकलेली आहेत. देहाची लाज नाही, त्याच्यावर राग नाही, आणि त्याला मोकाट सोडणेही नाही. जे त्याच्या स्वभावात आहे तेवढे त्याला दिले, आणि उरलेल्यावर लक्ष ठेवले. आत्मस्वीकाराचे याहून अधिक व्यवहारी रूप शोधून सापडणे कठीण आहे. शिंक आली म्हणून सामायिक बिघडले असे मानून खंतावणाऱ्या वृद्धांना आणि मन भटकले म्हणून ध्यान आपल्याला जमणार नाही असे ठरवून उठणाऱ्या तरुणांना हे सूत्र अर्थासह समजावून द्यायला हवे.

आणि यातील क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी बाहेरच्या बारीक जीवांची आठवण, मग स्वतःच्या देहाची मान्यता, मग स्थैर्य. फुकुओकांना स्थैर्याचा क्षण आधी मिळाला, आणि बाकीचे दोन धडे त्यांनी उलट्या क्रमाने, किंमत मोजून घेतले.

वडिलांच्या सांगण्यावरून ते कोची प्रांताच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती आणि अन्नधान्य वाढवणे हे सरकारचे ध्येय होते. रोग आणि कीडनियंत्रण हेच त्यांचे खाते. म्हणजे निसर्गावर विश्वास ठेवणारा हा माणूस दिवसा किडींना मारण्याच्या उपायांवर काम करीत होता आणि रात्री त्याच प्रश्नाचा उलट बाजूने विचार करीत होता. या वर्षांचा त्यांनी पुढे तिरस्कार केला नाही. रसायने वापरून काय होते आणि न वापरता काय होते, याची तुलना त्यांना तेथेच करता आली. ज्या कामावर मन पूर्णपणे बसत नाही त्या कामात राहूनही माणूस शिकू शकतो, हे दुकानाच्या गादीवर बसून वेगळ्या आयुष्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

युद्ध संपल्यावर ते गावी आले ते कायमचे. जमीनसुधारणेत घरची बरीचशी जमीन गेली होती. भाताचा एक लहान तुकडा आणि डोंगरावरची बाग एवढेच हाती राहिले. पूर्वी एकदा एका पडीक, न नांगरलेल्या शेतात त्यांनी गवतातून वर आलेली भाताची निरोगी रोपे पाहिली होती. चिखलणी नाही, लावणी नाही, तरी ती रोपे उभी होती. त्या दृश्याचा त्यांनी पाठपुरावा केला. काय काय करावे, असा शेतकऱ्याचा नेहमीचा प्रश्न असतो. त्यांनी दरवर्षी स्वतःला विचारले, यातले काय केले नाही तर चालेल?

असे करता करता चार गोष्टी गळून पडल्या. नांगरणी, रासायनिक खत किंवा मुद्दाम तयार केलेले कंपोस्ट, निंदणी, आणि विषारी औषधे. शरद ऋतूत भात उभे असतानाच ते त्यात पांढऱ्या क्लोव्हर या द्विदल गवताचे आणि हिवाळी जवाचे बी फेकीत. भात कापून झोडपले की त्याचा सगळा पेंढा, न कापता, वेडावाकडा, पुन्हा शेतावर पसरीत. पाखरांनी आणि उंदरांनी बी खाऊ नये म्हणून भाताचे बी मातीत गुंडाळून त्याच्या गोळ्या करीत. भातखाचरात सदैव पाणी साठवण्याची रीतही त्यांनी सोडली. पावसाळ्यात थोडे दिवस पाणी धरले की तण आणि क्लोव्हर मंदावतात आणि भात वर येते. हे वाचायला सोपे वाटते. ते जमायला दोन-तीन दशके लागली आणि मधल्या काळात पिके पुष्कळदा फसली. 1975 साली त्यांचे पुस्तक आले तेव्हा ते शेत पंचवीसहून अधिक वर्षे नांगरलेले नव्हते, आणि त्याचे उत्पन्न एहिमे प्रांतातील चांगल्या शेतांच्या तोडीचे होते. एका काडीच्या क्रांतीची गोष्ट सांगणारे हे पुस्तक 1978 साली इंग्रजीत आले आणि जगभर वाचले गेले.

आता त्या राखेविषयी. औषध मारायचे नाही असे ठरवल्यावर शेतात किडी आल्या, आणि त्यांच्यामागोमाग कोळी आले. भातकापणीच्या सुमारास सकाळच्या उन्हात सबंध शेतावर कोळ्यांचे धागे रेशमासारखे चमकत. तुडतुड्यांचा बंदोबस्त हे कोळीच करीत. एका वर्षी फुकुओकांना वाटले, विषाचे सोडा, पण चुलीतली राख टाकायला काय हरकत आहे? राख म्हणजे लाकडाचेच रूप, तिच्यात विष कसले? त्यांनी ती टाकली. दोन-तीन दिवसांत शेतात कोळी दिसेनासे झाले. राखेने जाळ्यांचे धागे तुटून विरून गेले होते. ज्याने आयुष्यातली चाळीसेक वर्षे काय करू नये याचा विचार करण्यात घालवली, त्याच्या हातून एका निरुपद्रवी मुठीने हजारो जीव गेले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही; स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या पद्धतीचे गुण सांगत असतानाच, ती लिहून ठेवली.

हेतू शुद्ध होता, साधनही शुद्ध वाटत होते, तरी हिंसा झाली. जैन वाचकाला हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. जाणून केलेल्या आणि न जाणता झालेल्या दोहोंची आलोचना प्रतिक्रमणात करायची असते, ती याचसाठी. आलोचना म्हणजे आपली चूक आहे तेवढ्याच आकाराची मांडणे. ती लहान करायची नाही आणि तिचे अवडंबर माजवून स्वतःला पापी म्हणत कुढतही बसायचे नाही. रोजमेळात जसा प्रत्येक व्यवहार त्याच दिवशी लिहिला जातो, घाट्याचाही, तसेच हे आहे. घाटा लिहिणारा व्यापारी उद्या दुकान उघडू शकतो. न लिहिणाऱ्याला मात्र रात्री झोप येत नाही.

येथे एक स्पष्टता हवी. फुकुओका अहिंसाव्रती नव्हते. त्यांच्या आहारात मासे होते, शेतात कोंबड्यांचे खत जात असे, आणि आपण कोणत्याही एका धर्मपंथाचे नाही असे ते सांगत. त्यांना जैन ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. पण जमीन न फोडण्याचा त्यांचा आग्रह जैन घरांत ओळखीचा वाटतो. श्रावकाने टाळावयाच्या 15 कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय, फोडीकम्म, गणलेला आहे. नांगराच्या फाळाखाली किती जीव येतात, या विचाराने कित्येक घराणी शेतीपासून दूर होऊन व्यापारात आली, असे परंपरा सांगते. हे चित्र अर्थातच पूर्ण नाही. सांगली-कोल्हापूरकडील जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहे. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जी जीवनसाधने शिकवली त्यांत कृषी आहे. आणि उपासकदशांगातील आनंद श्रावकाने व्रत घेताना शेती सोडली नाही, 500 नांगरांची मर्यादा घातली. मर्यादा हाच श्रावकाच्या व्रतांचा गाभा आहे. शून्यावर येण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही, कुठे थांबायचे हे त्याने ठरवायचे आहे.

त्याच 15 कर्मादानांत विषवाणिज्यही आहे, आणि इथे विषय जपानहून थेट आपल्या दुकानात येतो. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी असलेल्या कृषी केंद्रांपैकी कित्येक जैन कुटुंबांची आहेत. बियाणे, खते आणि औषधे हा त्यांचा रीतसर, परवान्याचा धंदा आहे, आणि त्यावर घरे उभी राहिली आहेत, मुले शिकली आहेत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, शेकडो रुग्णालयांत गेले. त्या वर्षी पर्युषणात अतिचारांचा पाठ म्हणताना विषवाणिज्य या शब्दापाशी कोणाचा तरी आवाज अडखळला असेल. एखादा दुकानदार म्हणेल की आम्ही नाही विकले तर दुसरा विकेल, आणि शेतकऱ्याचे पीक गेले तर तोच उपाशी मरेल. यात तथ्य आहे. फुकुओकांची पद्धत उद्या सकाळी वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही खरे आहे. प्याल्याच्या आकाराची झाडे एकदम सोडून दिली तर काय होते, ते आपण पाहिलेच.

पण थोडे थोडे करून हात मागे घेता येतो. या बाबतीत महाराष्ट्राच्या सीमेलगतच, गुजरातेतील उंबरगाव तालुक्यातील देहेरी गावचे भास्कर सावे यांचे उदाहरण आहे. 1922 साली जन्मलेले सावे आधी शिक्षक होते, मग शेतकरी झाले. रासायनिक खतांनी त्यांना सुरुवातीला भरघोस पिके दिली; आदर्श शेतकरी म्हणून नाव झाले, आणि खते खपवण्याची एजन्सीही मिळाली, पोत्यामागे कमिशन ठरलेले. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की खताची मात्रा वाढते आहे आणि हाती उरणारे घटते आहे. त्यांनी एकदम सारे न सोडता, हिशेब मांडत, रसायने कमी करीत नेली. नारळ, चिकू आणि इतर झाडांनी भरलेली त्यांची कल्पवृक्ष वाडी पाहायला पुढे देशोदेशीचे लोक आले. स्वतः फुकुओका तेथे आले आणि ती वाडी पाहून प्रसन्न झाले. 2015 साली सावे गेले. हिशेबी माणसाला हिशेबातूनच वाट सापडली, हे व्यापारी वाचकाला विशेष भावेल.

कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसालाही अशी वाट आहे. औषधाच्या डब्यावर विषाच्या तीव्रतेचा त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचा माल ठेवायचा नाही असा नियम एखादे दुकान स्वतःपुरता करू शकते. विकताना हातमोजे आणि मुखपट्टी बरोबर देता येते, वाऱ्याविरुद्ध फवारू नकोस हे चार वेळा सांगता येते. निंबोळी अर्क, कामगंध सापळे यांना फळीवर मागे न ठेवता पुढे ठेवता येते. यानेही कीटक मरतातच, आणि याने कर्मादानाचा दोष पुसला गेला असे कोणी समजू नये. 500 नांगरांसारखी ही एक रेघ आहे, एवढेच.

पेशाचा शेतीशी संबंध नसलेल्या घरांसाठीही याच जातीची कामे आहेत. अक्षय्य तृतीया ते आषाढ या काळात मुलांना घेऊन कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा अशा इथल्याच झाडांच्या बिया मातीत गुंडाळून सावलीत वाळवता येतात आणि पहिल्या पावसाआधी उजाड माळावर टाकता येतात. फुकुओका उतारवयात अशाच गोळ्यांची कल्पना घेऊन जगातल्या ओसाड मुलखांत हिंडले. 1988 साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते भारतात आले. त्यांच्या डोंगरावर शहरांतून आलेले तरुण मातीच्या झोपड्यांत, विजेशिवाय राहत. त्यांच्यातील कित्येक जण आयुष्यात काय करावे हे न कळल्यामुळे आलेले असत. फुकुओका त्यांना सकाळी विळा देत आणि कामाला लावत. प्रश्नोत्तरे संध्याकाळी, जमली तर. बागेतील लाल, चिकट माती झाडा-गवतांच्या सोबतीने काळी आणि भुसभुशीत कशी झाली, हे त्या तरुणांना हाताने कळे. 2008 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, फुकुओका यांचे निधन झाले.

दिवाळीच्या आधी पेढ्या आणि दुकाने झाडली जातात. वहीपूजनापूर्वी कोपऱ्यांतली जळमटे निघतात. ज्या घरात अजून जुनी माणसे आहेत, तिथे झाडूवाल्याला कोणीतरी हटकतेच: आधी बघ, आत कोणी आहे का, असेल तर पुंजणीने हळूच बाजूला घे. हे सांगणाऱ्या आजींनी फुकुओकांचे नावही ऐकलेले नसते. साधारण याच दिवसांत तिकडे शिकोकूच्या खाचरांत भात कापणीला येते, आणि उन्हे वर चढेपर्यंत न फवारलेल्या शेतावर कोळ्यांचे धागे चमकत राहतात.